जुम्म्याच्या संध्याकाळी मायकल जॅक्सन

1 नोव्हेंबर 1996 हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन नाचला. 'हिस्टरी' नावाचा त्याचा जागतिक दौरा सप्टेंबरात प्रागला सुरू झाला होता, आणि त्यातला एक मुक्काम मुंबईचा होता. कार्यक्रम भरवला शिव उद्योग सेनेने. मराठी तरुणांना रोजगार मिळवून देण्यासाठी राज ठाकरे यांच्या पुढाकाराने ही संघटना निघाली होती आणि तिला निधी हवा होता. राज्यात युतीचे सरकार होते, मनोहर जोशी मुख्यमंत्री. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून पाहुण्याला ओवाळले. मग पाहुणा 'मातोश्री'वरही जाऊन आला.

संस्कृतीच्या रक्षकांनी पॉपवाल्याला बोलावले, या विसंगतीवर तेव्हाच भरपूर शाई खर्च झाली. मला त्यात फारसा रस नाही. मला कुतूहल आहे तिकीट काढणाऱ्याचे, त्यातही मुसलमान वस्तीतून तिकीट काढणाऱ्याचे.

कारण मायकल आमच्या गल्ल्यांत फार आधी पोहोचला होता. 1985च्या 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला आणि पोरांना कळले की हे आपल्यातल्या कुणालाही जमू शकते. नंतर प्रभुदेवाचे 'मुकाबला' आले. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांसमोर एखादा तरी पोरगा मागे सरकत चालायचाच, आणि वडीलधारे 'तौबा' म्हणत का होईना, बघत उभे राहायचे. गाणेबजावणे जायज की नाजायज हा वाद घरोघरी होता, आहे. त्याने कॅसेटची विक्री थांबली नाही.

पण 1996चा प्रश्न वेगळा होता. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993च्या दंगलींत 900 माणसे मेली होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. स्टेडियमपासून जोगेश्वरी काही फार लांब नाही. राधाबाई चाळ तिथलीच. युती सरकारने जानेवारी 1996मध्ये हा आयोगच गुंडाळला, मे महिन्यात तो पुन्हा जिवंत केला. म्हणजे अंधेरीत स्टेज उभे राहत होते, तेव्हा आयोगाचे काम अजून संपलेले नव्हते.

आमच्या नात्यातला एक भाऊ गेला होता. तेव्हा विशीतला, एका दुकानात कामाला. त्याने उसने पैसे घेऊन तिकीट काढले. जुम्म्याची नमाज पढून निघताना त्याच्या अम्मीने विचारले, "कुणाच्या कार्यक्रमाला चाललायस, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "मायकलच्या." घरात हे उत्तर अजून सांगितले जाते, काही जण हसून सांगतात, काही जण नाही. मला ते उत्तर बरोबर वाटते. शहरातली मोठी मैदाने, मोठे सोहळे कुणी ना कुणी भरवतेच. भरवणाऱ्याकडे पाहून घरी बसायचे ठरवले, तर एक पिढी घरातच म्हातारी झाली असती. उलट बाजूही मला कळते. ज्याच्या घराची राख झाली, त्याला हा हिशेब करायला सांगण्याचा मला काय अधिकार?

या दौऱ्यात जॅक्सन अंतराळयानातून, सोनेरी चिलखत घालून अवतरायचा. भाऊ मात्र त्याहून जास्त बोलतो 'अर्थ साँग'बद्दल. त्या गाण्यात स्टेजवर रणगाडा यायचा, सैनिक लोकांवर बंदूक रोखायचा, आणि एक मूल त्याच्यासमोर फूल धरायचे. शेवटी सैनिक रडत खाली बसायचा. पाश्चात्त्य समीक्षकांना असली दृश्ये भाबडी वाटतात. भाबडे आहेच ते. पण संचारबंदीत खिडकीच्या फटीतून लष्कराच्या गाड्या पाहिलेल्या पोराला ते कसे दिसले असेल, याचा विचार त्यांना करावा लागला नाही.

आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 1998मध्ये सादर झाला. त्यात शिवसेनेवर कठोर ठपका होता. ऑगस्टमध्ये तो विधिमंडळात मांडताना सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. कार्यक्रमाच्या करमणूक कराची फाईल त्याहून चिवट निघाली. सरकारने दिलेल्या माफीविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली. 2011मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द करून सरकारला फेरविचार करायला सांगितले. अखेर जानेवारी 2021मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, मंत्रिमंडळाने 3 कोटी 36 लाखांचा कर पुन्हा माफ केला. जॅक्सनला जाऊन तेव्हा अकरा वर्षे उलटली होती.