'बाजूला घ्या' ते 'तुमच्या गाडीचं चलान': हायवेवरच्या अडवणुकीचा इतिहास

आजचा विषय असा आहे की तो ऐकूनच काही जणांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जाईल. हायवेवर गाडी भन्नाट सुटलेली असते आणि पुढे पोलीस हात दाखवतात. ही पद्धत आली कुठून?

जानेवारी 1896, इंग्लंडमधला केंट परगणा. वॉल्टर अरनॉल्ड नावाचा माणूस ताशी 8 मैलांनी गाडी पळवत होता. तिथली मर्यादा होती 2 मैल! कॉन्स्टेबलनं सायकलवरून पाचेक मैल पाठलाग करून त्याला गाठलं. वेगासाठी दंड झाला एक शिलिंग. गंमत म्हणजे हा अरनॉल्ड स्वतः बेन्झ गाड्या विकायचा. आज त्याच बेन्झचं नाव लावणाऱ्या गाड्या आपल्या चाकणला बनतात.

आता पिंपरी-चिंचवडकडे येऊ. आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को 1960 च्या दशकात उभे राहिले. तेव्हा आपल्याकडे ट्रकवाल्याला खरी भीती होती ती जकात नाक्याची. वेगाचं कोणाला काय पडलं होतं? मुंबईला जायचं तर बोरघाट, आणि घाटातला रस्ता मूळचा 1830 सालचा. तिथे वेग आवरायचं काम घाट स्वतःच करायचा. कागदपत्रं, माल, पावती यासाठी गाडी थांबायची. समोरून येणारा ड्रायव्हर डिपर मारून सांगायचा, पुढे साहेब उभे आहेत. (हा डिपरचा शेजारधर्म अजून टिकून आहे.) महापालिकेची जकात गेली थेट 1 एप्रिल 2013 ला.

चित्र बदललं ते एक्सप्रेसवेनं. 2002 मध्ये कळंबोली ते किवळे हा साधारण 94 किलोमीटरचा रस्ता पूर्ण सुरू झाला. सहा लेन, काँक्रीट, ना सिग्नल ना चौक. आणि मर्यादा? ताशी 80. रस्ता म्हणतोय पळ, पाटी म्हणतेय थांब. पुढे सपाट भागात कारसाठी ती 100 झाली, घाटात कमीच राहिली. माझ्या मते सवय बिघडली ती या सुरुवातीच्या वर्षांत. पोलिसांची स्पीडगनवाली गाडी कुठे उभी असते ते सगळ्यांना पाठ. तेवढ्या किलोमीटरपुरतं सज्जन व्हायचं, मग पुन्हा सुसाट. धरलंच तर कायद्यानं पहिल्या वेळी दंड 400 रुपये, आणि 'साहेब, जाऊ द्या ना' हा पर्याय होताच.

याची किंमत मराठी माणसाला नावानिशी माहीत आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये भक्ती बर्वे याच रस्त्यावर गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये उर्से टोलनाक्याजवळ आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडसेंचा लहानगा मुलगा. त्यांच्या कारवर दुभाजक ओलांडून आलेला टेम्पो आदळला होता. म्हणजे तुम्ही कितीही शिस्तीत चालवा, पलीकडच्याचा ताबा सुटला तर तुमची लेन तुम्हाला वाचवत नाही. 2016 या एका वर्षात एक्सप्रेसवेवर 151 जण गेले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस आणि चाकणलाच गाड्या बनवणारी महिंद्रा यांनी मिळून मृत्यू शून्यावर आणायची मोहीम सुरू केली. आकडा पुढे खाली आला, शून्य काही झाला नाही.

नंतर केंद्रानं 2019 मध्ये दंड वाढवला: कारला 1000 ते 2000, जड वाहनांना 2000 ते 4000. महाराष्ट्रात ते लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडलं. आणि जुलै 2024 पासून एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आली. ती दोन कमानींमधला तुमचा सरासरी वेगही मोजते. हिशोब सोपा आहे. 10 किलोमीटरला 6 मिनिटं लागली तर वेग 100. पाचच मिनिटांत पोचलात तर 120, मग कॅमेऱ्याखाली कितीही हळू गेला असाल. डिपर मारून सांगणार तरी काय?

पण इथे एक गोष्ट हरवली. आता रस्त्यावर कोणी थांबवतच नाही. चलान जातं गाडीमालकाच्या मोबाईलवर, आणि चाकणहून नव्या गाड्या किंवा सुटे भाग घेऊन निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर बहुधा मालक नसतो. माल वेळेत पोचवायचं दडपण कंपनीकडून मालकावर, मालकाकडून त्याच्यावर. चलान आलं की पैसे कापले जातात त्याच्याच पगारातून, आणि त्याला कळतं ते महिनाअखेरीला. जुलै 2025 मध्ये ई-चलानविरोधात राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. त्यांच्या सगळ्याच मागण्या मला पटत नाहीत. पण वेळापत्रक ठरवणाऱ्याचा फोटो कुठलाच कॅमेरा काढत नाही, हे खरंय.

बाय द वे, कारवाल्यांसाठी: घाट सोडून देऊ आणि सगळे 94 किलोमीटर 100 ऐवजी 120 नं मारले असं धरू. वाचतात जेमतेम नऊ-दहा मिनिटं. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला ती किती वेळ टिकतात, ते कमेंटमध्ये सांगा.