नांगर धरतो कसा?

आजची सुरुवात एका अपघातापासून करू.

28 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून चार मित्र मेक्सिकोच्या आखातात मासेमारीला गेले. होडी 21 फुटांची. संध्याकाळी परत निघायची वेळ झाली आणि नांगर तळाशी अडकला, काही केल्या वर येईना. तेव्हा त्यांनी दोर होडीच्या मागच्या बाजूला बांधला आणि इंजिनाला जोर दिला. हिसक्याने सुटेल, असा हिशेब. नांगर सुटला नाही. होडीची मागची बाजू खाली खेचली गेली, पाणी आत आलं आणि होडी उलटली. चौघांपैकी एकच वाचला. 2 मार्चला तटरक्षक दलाला तो उलट्या होडीवर सापडला.

यात नांगर कुठेही कमी पडला नव्हता, हे आधी लक्षात घ्या. त्याने तळ घट्ट धरला होता. दोरही तुटला नाही. चुकली ती एकच गोष्ट: ओढ कुठून आणि कोणत्या दिशेने लागली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, होड्या बांधल्या नाहीत. पण नांगराचा इतिहास वाचताना आम्हांला असं दिसलं की माणसाने हा प्रश्न फार काळ वजनाचा मानला, आणि तो दिशेचा आहे हे कळायला त्याला बराच वेळ लागला. कळलेलं तो अधूनमधून विसरतोही.

सगळ्यात जुना नांगर म्हणजे भोक पाडलेला दगड. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असे दगड भरपूर मिळाले आहेत. द्वारका, बेट द्वारका, सोमनाथ, आणि आपल्याकडे विजयदुर्ग. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून त्यांची मोजमापं घेतली. नुसत्या एका भोकाचा दगड वजनावरच काम करतो. पण वजन पाण्यात गेलं की घटतं, आर्किमिडीजपासून आपण हे शिकवत आलो आहोत. दहा किलोचा दगड पाण्यात साधारण साडेसहा किलोच भरतो. आजही पुष्कळ लोक रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून घरगुती नांगर करतात. त्याची गत आणखी वाईट, दहा किलोचे जेमतेम सहा उरतात. वारा वाढला की असा डबा होडीमागे तळावरून घसरत फिरतो, आणि होडीवाल्याला वाटतं आपण नांगरून बसलो आहोत!

विजयदुर्गला आणि इतरत्र सापडलेला दुसरा प्रकार अधिक हुशार आहे. लांबट चौकोनी दगड, वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, आणि खालच्या बाजूला दोन चौकोनी भोकं, एकमेकांशी काटकोनात. या खालच्या भोकांतून लाकडी दांडे आरपार घालत. दगड कसाही पडला तरी एखादा दांडा तळात रुतणारच. अभ्यासक याला भारतीय-अरबी प्रकार म्हणतात. अरबी समुद्रातल्या जुन्या व्यापाराच्या बंदरांत त्याचे नमुने मिळतात. म्हणजे आपल्या खलाशांना उमगलं होतं की नुसतं जड असून भागत नाही, तळात घुसायला हवं.

ग्रीक मंडळी दोन फाळांच्या नांगराचं श्रेय एका तत्त्वज्ञाला देत, अनाकार्सिस नावाच्या सिथियन माणसाला. (आमच्या विषयाला कुठेतरी व्यवहारात श्रेय मिळालं, म्हणून आम्हांला ही गोष्ट प्रिय.) पण स्ट्रॅबो हा भूगोलकार खवचट. तो म्हणतो, याच अनाकार्सिसला कुंभाराच्या चाकाचंही श्रेय देतात, आणि ते चाक तर त्याच्या कितीतरी आधी होमरला ठाऊक होतं. मग बाकीच्या श्रेयावर किती विश्वास ठेवायचा? याच अनाकार्सिसची आणखी एक गोष्ट सांगतात. जहाजाच्या फळीची जाडी चार बोटं आहे असं कळल्यावर तो म्हणाला की प्रवासी मृत्यूपासून तेवढ्याच अंतरावर आहेत. चाक त्याचं असो नसो, हे निरीक्षण मात्र समुद्र पाहिलेल्या माणसाचं आहे.

ग्रीक-रोमन नांगरात खरी अक्कल होती ती आडव्या दांड्यात. हा दांडा फाळांच्या काटकोनात असतो, आणि त्यामुळे नांगर तळावर आडवा पडून राहू शकत नाही. ओढ लागली की एक फाळ खाली वळतो आणि रुततो. इटलीतल्या नेमी तळ्याचं पाणी उपसून 1929 ते 1932 च्या दरम्यान कॅलिगुला बादशहाची दोन प्रचंड जहाजं बाहेर काढली, तेव्हा तिथे एक लोखंडी नांगर मिळाला. त्याचा आडवा दांडा काढता-घालता येत होता. अठराशे वर्षांनंतर आपण नवीन सुधारणा म्हणून मिरवत होतो ती चीज तळ्याच्या चिखलात पडून होती. ती जहाजं पुढे 1944 च्या युद्धात जळाली.

आता दोराकडे येऊ. खरा विषय इथेच आहे.

1768 मध्ये बूगेनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी ताहितीला थांबला आणि नऊ दिवसांत सहा नांगर गमावून बसला. प्रवाळाच्या खडकांनी तागाचे दोर कापले. पुढे 1808 च्या सुमारास ब्रिटिश नौदलातल्या सॅम्युएल ब्राउनने लोखंडी साखळी जहाजांवर आणली. साखळी खडकाने कापली जात नाही, हा उघड फायदा. दुसरा फायदा तिच्या वजनाचा. साखळी झोळ घेऊन लोंबते, आणि तळाशी पोचेपर्यंत जवळजवळ आडवी होते. म्हणून नांगराला बसणारी ओढ वर न जाता आडवी जाते.

या झोळाचा आकार काय असतो, यावर सतराव्या शतकातली मोठी डोकी खपली. गॅलिलिओ त्याला परवलयासारखा म्हणून गेला. 1690 मध्ये याकोब बर्नुलीने हा प्रश्न उघडपणे विचारला आणि 1691 मध्ये तीन उत्तरं छापून आली: लाइब्निझ, हॉयगेन्स आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान. लाइब्निझ आम्ही वर्गात शिकवला तो चिद्बिंदूंचा तत्त्वज्ञ म्हणून. तोच माणूस लोंबत्या साखळीचं गणित सोडवत होता, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही आमची चूक.

पण या सुंदर वक्राला एक मर्यादा आहे. वारा फार वाढला की साखळी ताणून जवळजवळ सरळ होते आणि झोळाचा फायदा संपतो. लहान होडीत तर भारंभार साखळी नेताच येत नाही. मग उरतो एकच उपाय, लांबी. दोर सरळ ताणला असं धरा. पाण्याच्या खोलीच्या तिप्पट दोर सोडला तर तो तळाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करतो. पाचपट सोडला तर साडेअकरा. सातपट सोडला तर आठच्या आसपास. कोन जितका लहान, तितका फाळ रुतत जातो. कोन वाढला की तोच फाळ उपटला जातो, जसा बैलांनी शेतातला नांगर वर उचलून ओढला तर उपटला जाईल.

आणि खोली मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, होडीवर दोर जिथे बांधलाय तिथपासून. वर भरतीही धरायची. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरती यांत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, होडीचं टोक पाण्याच्या एक मीटर वर आहे, तर ओहोटीचे चार मीटर भरतीला आठ होतात. सातपट दोर म्हणजे छप्पन मीटर. अठ्ठावीस मीटर सोडून जो झोपला, त्याचं प्रमाण भरतीच्या वेळी साडेतीनपटच उरलेलं असतं.

मराठीत शेतातल्या अवजाराला नांगर म्हणतात आणि होडीच्या अवजारालाही नांगर म्हणतात. संस्कृतात शेताचा तो लाङ्गल, फारसीत समुद्राचा तो लंगर. त्यांचं नातं काय याचा वाद भाषापंडितांनी घालावा. पण 1933 मध्ये केंब्रिजच्या एका शास्त्रज्ञाने हे दोन नांगर खरोखरच एक केले. जेफ्री इन्ग्रॅम टेलर हे त्याचं नाव. तर्कशास्त्रातला जॉर्ज बूल आम्ही शिकवला, हा त्याच्या मुलीचा मुलगा. द्रवगतिशास्त्रातला फार मोठा माणूस आणि हौशी नाविक. 1927 मध्ये पत्नीला घेऊन आपल्या छोट्या शिडाच्या होडीतून तो नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आला. लहान होडीत अवजड नांगर उचलायचा कुणी, हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. त्याने सरळ शेतातल्या नांगराचा फाळ घेतला आणि दांड्याला बिजागरीने जोडला, म्हणजे वारा फिरून होडी बाजूला वळली तरी फाळ उपटत नाही. ओढाल तितका तो खोल जातो. त्याला ‘सिक्युअर’ म्हणजे सुरक्षित हे नाव द्यायचं होतं; तसं वर्णनपर नाव नोंदवता येईना, म्हणून सी, क्यू, आर ही तीन अक्षरं घेतली. भरभर म्हणून पाहा. विमानांच्या इतिहासात रस असलेल्यांना सांगतो, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनाही हा हलका नांगर फार सोयीचा ठरला.

थोड्याच वर्षांनी अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थने दोन चपट्या पात्यांचा नांगर काढला. महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या होड्या किनाऱ्याला भिडण्याआधी तो मागून टाकत आणि नंतर त्याच्याच दोराने स्वतःला मागे ओढून घेत. मागून टाकलेला नांगर! पण तिथे होडी किनाऱ्यावर टेकलेली असे आणि तो दोर होडीला पाण्यात परत ओढण्यासाठी होता, लाटांत होडी धरून ठेवण्यासाठी नव्हे.

आता पाँटून होडी. ही अगदी अलीकडची, आणि तिचाही उगम शेतकऱ्याकडेच. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्या ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांच्यावर लाकडी ओटा बसवला. तळ्यात स्थिर, घरच्या ओसरीसारखी. आज पिंपांऐवजी ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. गळ टाकून बसायला याच्यासारखं सुख नाही. नांगराच्या दृष्टीने मात्र ही अडचणीची होडी. पाण्यात फार खोल बसत नाही, आणि वर कठडे, छत, खुर्च्या यांचं शीड तयार होतं. म्हणून तिच्या लांबीच्या मानाने वाऱ्याची ओढ जास्त. पुढची बाजू सपाट आणि ठेंगणी. दोर आखूड ठेवला की ओढ खाली लागते, नळ्यांची नाकं दबतात, लाट ओट्यावर येते. त्यात चार जण नांगर ओढायला पुढे धावले, तर आणखीच.

म्हणून मांडणी अशी करतात. दोर बांधायचा पुढेच, आणि एका कोपऱ्याला नव्हे, नाहीतर होडी तिरकी उभी राहून प्रत्येक लाट कुशीवर घेते. दोन्ही पुढच्या कोपऱ्यांवरून दोन सारख्या दोऱ्या काढून त्या पुढे मध्ये एकत्र आणायच्या आणि तिथे मुख्य दोर जोडायचा. नांगराजवळ काही मीटर साखळी, कारण खडकाशी घासणारा भाग तोच. बाकी नायलॉन, कारण नायलॉन ताणतो आणि लाटेचा हिसका खुंटीपर्यंत पोचू देत नाही. खुंटीही नुसत्या पातळ पत्र्यात स्क्रूने बसवलेली नको, खालच्या सांगाड्यापर्यंत बोल्टने आवळलेली हवी.

आणि अडकलेला नांगर? तो सोडवायचा तर दोर हळूहळू आत घेत होडी बरोबर त्याच्या डोक्यावर न्यायची, आणि रुतला त्याच्या उलट दिशेने, पुढच्याच टोकावरून, सावकाश ओढायचा. खडकाळ जागी आधीच नांगराच्या फाळांकडच्या टोकाला एक बारीक दोरी बांधून तिला तरंगता डबा लावतात. मुख्य दोराने न निघालेला नांगर या दोरीने उलटा निघतो. तेही साधलं नाही, तर पुढच्या खुंटीशेजारी ठेवलेल्या धारदार सुरीने दोर कापायचा आणि घरी जायचं. नांगर दुकानात मिळतो.