लेझर शोची पन्नाशी आणि आपलं लुंबिनी पार्क



 १९ नोव्हेंबर २०२३ ला लेझर शो नावाच्या करमणुकीच्या थिएटरला पन्नास वर्षं पूर्ण झाली. १९७३ साली याच तारखेला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 'लेझेरियम' या नावाने पहिला नियमित खेळ सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, तिकडच्या वाढदिवसाचं आपल्याला काय? हैदराबादच्या मराठी घरांना त्याचं काही तरी आहे, म्हणून लिहायला बसलोय. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन वाचा.

आधी थोडा इतिहास. लेझरचा शोध १९६० चा, थिओडोर मेमन यांचा. पहिली काही वर्षं सर्वसामान्यांच्या दृष्टीने ती प्रयोगशाळेतलीच वस्तू होती. १९७० च्या सुमारास आयव्हन ड्रायर नावाच्या एका फिल्मवाल्याने कॅलटेकमध्ये एल्सा गार्मायर या शास्त्रज्ञ बाईंचे लेझरचे प्रयोग पाहिले आणि त्याचं चित्रीकरण केलं. पण फिल्मवर ती झळाळी उतरेना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की ही गोष्ट कॅमेऱ्यातून दाखवायची नाही, लोकांना समोर बसवून प्रत्यक्षच दाखवायची. वेधशाळेने आधी नकार दिला, पुढे तीन वर्षांनी होकार दिला. घुमटाखाली अंधार, वरती तारे, संगीत, आणि क्रिप्टॉन वायूच्या लेझरचे चार रंग. चालवणारा माणूस तिथेच बसून वाद्य वाजवावं तसा प्रकाश फिरवायचा. म्हणून रोजचा खेळ थोडा वेगळा व्हायचा. त्या वेधशाळेत हा खेळ २००२ पर्यंत चालला. ड्रायर २०१७ मध्ये गेले.

मी कॉमर्सचा माणूस, बद्रुका कॉलेजचा बी.कॉम. विज्ञान माझं कच्चंच. पण यातली मूळ युक्ती आपली पोरं दिवाळीत अंगणातच करतात. अंधारात फुलबाजी गरगर फिरवली की ठिणगी दिसत नाही, गोल रेघ दिसते. लेझर शोमध्ये हेच. किरण एकच, पण छोटे आरसे त्याला इतक्या झपाट्याने हलवतात की डोळ्याला ठिपका दिसतच नाही, आख्खा मोर दिसतो. आणि स्वच्छ हवेत किरण बाजूने दिसत नाही, त्याला धूर, धुकं किंवा पाण्याचे तुषार लागतात. मग पाण्याकाठी हा खेळ खुलावा, यात नवल ते काय!

आणि आपल्याकडे पाणी होतंच. हुसेनसागर १५६२-६३ च्या सुमाराचा, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळातला. त्याच्या भोवतीचं आजचं रूप मात्र माझ्या नोकरीच्या काळात, डोळ्यांदेखत उभं राहिलं. १९८५ ला नौबत पहाडावर तारांगण झालं. मग रायगीरच्या दगडातला एकसंध बुद्ध आला. १९९० च्या मार्चमध्ये तराफ्यावरून नेताना तो तलावात बुडाला, माणसंही दगावली. दोन वर्षांहून जास्त काळ मूर्ती पाण्याखाली होती. १ डिसेंबर १९९२ ला ती मधल्या खडकावर उभी राहिली. १९९३ ला गोळकोंड्यावर ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू झाला. आणि १९९४ ला सचिवालयासमोर साडेसात एकरांत लुंबिनी पार्क झालं, खर्च दोन कोटी पस्तीस लाख. बुद्धाकडे जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात. याच बागेत पुढे संगीत कारंजी आली आणि उघड्यावरचं लेझरचं प्रेक्षागृह आलं. आपली वर्तमानपत्रंही त्याला लेझेरियमच म्हणत. लॉस एंजेलिसच्या घुमटातलं नाव असं टँकबंडच्या वाऱ्यात येऊन बसलं.

जुन्या हैदराबादी मराठी घरात पाहुण्यांचं एक टाइमटेबल ठरलेलं असे. मनमाडहून अजंता एक्स्प्रेसने आत्या, साडू, मेहुणे यायचे. पहिल्या दिवशी चारमिनार, लाडबाजारच्या बांगड्या, सालारजंगचं घड्याळ. दुसऱ्या दिवशी गोळकोंडा. तिसऱ्या दिवशी बिर्ला मंदिर, तारांगण, आणि संध्याकाळी बुद्धाची बोट करून लेझर शो. आमच्या आईला पायऱ्यांचा किल्ला झेपत नसे, पण लेझर शोला ती सगळ्यांच्या आधी तयार. बाकावर बसायचं, पदर डोक्यावरून घ्यायचा आणि वर बघायचं. तेलुगू येत नाही, इंग्रजी येत नाही, काही अडत नव्हतं. रेघांना भाषा लागत नाही. शेजारी चारमिनारकडचं मुस्लिम कुटुंब, पलीकडे गुंटूरची मंडळी, मागे शाळेची सहल, सगळे एकाच वेळी 'अरे वा' म्हणायचे. या शहरात इतके सगळे एकत्र, एकाच दिशेला तोंड करून बसतात अशा जागा फार नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते.

२५ ऑगस्ट २००७, शनिवार. आदल्या दिवशी वरलक्ष्मी व्रत झालेलं, तीन दिवसांवर राखीपौर्णिमा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास लेझर शो चालू असताना तिथे बाँब फुटला. काही मिनिटांत कोटीला गोकुळ चाटमध्ये दुसरा. तिसरा दिलसुखनगरला सापडला, सुदैवाने फुटला नाही. दोन्हीकडे मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली.

कोटी म्हणजे आपलाच मोहल्ला. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा इथे मराठी घरं किती, हे तुम्हाला सांगायला नको. १९०७ साली सुरू झालेली आपली विवेक वर्धिनी तिथून हाकेच्या अंतरावर. त्या वर्षी शाळेची शंभरी होती. माझी धाकटी त्या संध्याकाळी सुलतान बाजारात राख्या घ्यायला गेली होती. फोन लागत नव्हते. ती साडेआठला दारात उभी राहिली, तोवरची चाळीस मिनिटं मी कधी मोजत बसत नाही. रात्रभर नांदेड, लातूर, पुण्याहून फोन येत राहिले.

पण लुंबिनीत कोण गेलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं शैक्षणिक सहलीला आली होती. त्यांतले सात जण त्या बाकांवरून उठलेच नाहीत. नगर जिल्ह्यातली, आपल्यासारखं मराठी बोलणारी, विशीतली मुलं. आपल्या पाहुण्यांचं जे टाइमटेबल, तेच त्यांचंही: दिवसा शहर, संध्याकाळी लेझर शो. नात्यागोत्याचे नसतील, पण आपल्या गावी आलेले पाहुणे होते. मराठी माणूस दारातून पाहुण्याला 'पोचल्यावर कळवा' म्हणून निरोप देतो. त्यांच्याबद्दल ते कळवणं कुणाच्या नशिबी कसं आलं असेल, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

खटला अकरा वर्षं चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना फाशी आणि एकाला जन्मठेप सुनावली. कायद्याचं ते कायद्याने पाहिलं.

मला सांगायचंय ते त्या थिएटरबद्दल. काही काळाने खेळ पुन्हा सुरू झाला. दारात मेटल डिटेक्टरची चौकट आली, पिशव्या तपासणं आलं. आणि लोक आले. आधी थोडे, मग शाळांच्या सहलीसुद्धा. बँकेत आम्ही 'गुडविल' नावाचा आकडा ताळेबंदात पाहायचो. जमीन नाही, यंत्र नाही, नुसती लोकांची पत. यंत्रं विम्यातून पुन्हा आणता येतात, ही पत मात्र लोकांनी स्वतःहूनच परत आणून द्यावी लागते. या शहराने ती दिली. २०१३ मध्ये दिलसुखनगरला पुन्हा घाव बसला, तरीही दिली. संध्याकाळी पोरं खांद्यावर घेऊन बापलोक त्या बाकांवर येऊन बसत राहिले. माझ्या मते कुठल्याही थिएटरचा खरा वर्धापनदिन तोच, ज्या दिवशी घाबरलेली माणसं परत येऊन बसली.

 आपल्या लेझेरियमची आठवण दरवर्षी फक्त ऑगस्टमध्ये निघते, मेणबत्त्या लावून. ती निघायलाच हवी. पण त्याचबरोबर तिथे आपली आई हसली होती, आत्या 'अगं बाई' म्हणाली होती, पोरं रेघा पकडायला हात वर करत होती, हेही आठवायला हवं. नाहीतर त्या जागेच्या आठवणीवर बाँब ठेवणाऱ्यांचाच कब्जा राहील.

म्हणून दोन विनंत्या. एक, तुमच्या घरातलं कुणी त्या बाकांवर बसलं असेल, जुना फोटो असेल, तर खाली जरूर लिहा. दुसरी, यापुढे महाराष्ट्रातून पाहुणे आले आणि त्यांना टँकबंडवर फिरायला नेलंत, तर त्यांना संगमनेरच्या त्या सात मुलांबद्दल सांगा. मग पुढे चला, मक्याचं कणीस घ्या, बुद्धावरचे दिवे बघा. आणि पाहुणे निघताना 'पोचल्यावर कळवा' म्हणायला विसरू नका.