पॅशन फ्रूटमधलं 'पॅशन' कुणाचं?

पॅशन फ्रूटमधलं 'पॅशन' म्हणजे आवड, ध्यास असलं काही नाही. आपल्या एचआरच्या पोस्टरवर असतं ते पॅशन हे नव्हेच. इथे त्याचा अर्थ आहे येशूने क्रुसावर सोसलेल्या यातना. फळाला हे नाव मिळालं फुलावरून, आणि त्याच कुळातल्या फुलाला आपण म्हणतो कृष्णकमळ! एकाच जातीचं फूल, एकीकडे येशू आणि एकीकडे कृष्ण. हे काय प्रकरण आहे ते शोधण्यात अख्खा शनिवार गेला.

आमच्या आजोळी वेल्ह्याला (तालुक्याचं नाव आता राजगड, पण घरच्यांच्या तोंडी अजून वेल्हेच) परसात कृष्णकमळाचा वेल आहे. मामी पाहुण्यांना फूल हातात घेऊन दाखवते: हे बाहेरचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पांडव, वरती तीन ते ब्रह्मा-विष्णू-महेश, आणि मधला गोल गोळा म्हणजे कृष्ण. तंतू बरोब्बर शंभर भरतीलच असं नाही, पण पाच परागकोश आणि वरची तीन टोकं मात्र चुकत नाहीत.

आता हेच फूल सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पॅनिश मिशनऱ्यांच्या नजरेने बघा. दक्षिण अमेरिकेत त्यांना ते दिसलं आणि त्यांनी वाचलं असं: तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन टोकं म्हणजे तीन खिळे. पाच पाकळ्या आणि तशाच दिसणारी पाच निदलं मिळून दहा, म्हणजे दहा शिष्य (बारातून पीटर आणि जुडास वगळून. हिशोब जुळवायचा म्हटलं की जुळतो!). जाकोमो बोसिओ याने १६१० साली क्रुसाविषयीच्या आपल्या पुस्तकात या फुलाचं वर्णन केलं आणि कथा युरोपभर झाली. सगळ्यांना पटली असंही नाही. जॉन पार्किन्सन या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने १६२९ साली जेझुइटांच्या या अर्थाची चक्क टर उडवली. शिवरायांचा जन्म व्हायचा होता तेव्हा. पण नाव टिकलं आणि १७५३ मध्ये लिनियसने 'पॅसिफ्लोरा' असं शास्त्रीय नाव देऊन त्यावर शिक्का मारला. जपान्यांना मात्र या फुलात ना येशू दिसला ना कृष्ण. ते याला घड्याळाचं फूल म्हणतात :)

तर मुद्दा असा. आपण खातो त्या पॅशन फ्रूटचं मूळ घर दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना. बागेत फुलासाठी लावतात ती कृष्णकमळंही अमेरिकेकडचीच. पोर्तुगीज कप्तान काब्राल १५०० साली आधी ब्राझीलला लागला आणि त्याच वर्षी कालिकतला पोचला. ब्राझील आणि आपला किनारा एकाच प्रवासात जोडले गेले ते तेव्हा. हा वेल आपल्याकडे त्यानंतरच कधीतरी आला असणार. म्हणजे कौरव-पांडवांची ही गोष्ट फार तर चार-पाचशे वर्षांची. 'आपल्या ऋषींना हे फूल ठाऊक होतं' असले फॉरवर्ड येतात ना, त्यांचं इथेच संपतं.

पण म्हणून मामीची गोष्ट खोटी म्हणायची का? मला नाही वाटत. शेजारच्या पुरंदरची सीताफळं घ्या. सीताफळ अमेरिकेचं, रामफळ अमेरिकेचं. (कनिंगहॅमला भरहुतच्या शिल्पात सीताफळ दिसलं होतं, पण वनस्पतीशास्त्रज्ञ बहुतेक अमेरिकेच्याच बाजूने आहेत.) राजगडाखाली गुंजवण्यात पिठलं-भाकरीबरोबर जो ठेचा मिळतो त्यातली मिरचीही तिकडचीच, शेंगदाणाही. परकी गोष्ट घरात घ्यायची आणि तिला घरातलं नाव द्यायचं, ही आपली जुनी खोड आहे. मिशनऱ्यांनी तरी वेगळं काय केलं? दाखला म्हणून नको, गोष्ट म्हणून ती ऐकावी. मला ती आवडते.

असो. मामाला फूल नको, फळ हवं होतं. शोभेच्या कृष्णकमळाला आपल्याकडे बहुधा फळ धरत नाही, त्यासाठी खायच्या जातीचाच वेल लावावा लागतो. त्यात जांभळा आणि पिवळा असे दोन प्रकार. जांभळ्याला उंचावरची थंड हवा मानवते, म्हणून तो निलगिरी, कोडगू, वायनाड आणि ईशान्य भारतात रमला. तोरण्याचा माथा सुमारे १४०० मीटरवर असला तरी घरं त्याच्या निम्म्या उंचीवर. त्यामुळे वेल्हे-भोरकडे पिवळा किंवा 'कावेरी' बरा. कावेरी म्हणजे जांभळा-पिवळ्याचा संकर, कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या केंद्रात तयार झालेला.

मावळातला पाऊस हा याचा खरा शत्रू. मुळं वरच्यावर असतात, पाणी तुंबलं की कुजतात. म्हणून उताराची जागा किंवा मातीचा उंचवटा, आणि वर भक्कम मांडव. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा फळं संपली की छाटणी करायला हात आखडू नये. पिवळ्यात स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या रोपाचा वेल हवा आणि ते मोठे काळे भुंगे हवेत, लाकूड पोखरतात ते. भुंगे नसतील तर दुपारी फूल उघडल्यावर ब्रशने पराग लावायचे. फूल ते फळ साधारण दोन-अडीच महिने. फळ तोडायचं नाही, पिकलं की आपणच गळतं. सालीला सुरकुत्या पडल्या की सडलं समजून लोक फेकून देतात, पण खरी गोडी तेव्हाच येते.