मुंबई ते पोर्ट ब्लेअर: विमानाला किती वेळ लागतो?

मी तळेगावचा (श्यामजी पंत). मुंबईला मावशीकडे गेल्यावर आईला अंदमान दाखवायचंय, म्हणून हा हिशोब केला.

दोन्ही विमानतळ बेटांवरच आहेत: मुंबईचा साष्टी बेटावर, पोर्ट ब्लेअरचा (आताचं श्री विजयपुरम) दक्षिण अंदमानवर. सरळ हवाई अंतर साधारण २,२८० किमी.

जेट विमानाचा वेग ताशी ८०० किमी धरा. २,२८० ÷ ८०० = २ तास ५१ मिनिटं. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. झाले सुमारे सव्वातीन ते साडेतीन तास.

ॲपवर ७ तास दिसले, तर वाटेत थांबा आहे समजा. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी किंमत बघण्याआधी ‘नॉन-स्टॉप’ फिल्टर लावतो.

अंतर स्वतः तपासायचंय? गुगल मॅप्समध्ये एका विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा.