पुंगळीतील रिकामी जागा

वापरून झालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साच्यात दाबून पूर्ववत आकारास आणावी, तिच्या बुडाशी ठोका बसताच दारू पेटविणारी नवी टोपी बसवावी, आत दारू तोलून घालावी, तोंडाशी नवी गोळी रोवावी आणि ते काडतूस पुन्हा पिस्तुलात घालण्याजोगे करावे, हा उद्योग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सामान्य गृहस्थ आपापल्या घरी करीत आले आहेत. या उद्योगासाठी दारूचे आणि गोळ्यांचे कारखानदार जी कोष्टके प्रसिद्ध करतात, त्यांत प्रत्येक जातीच्या दारूपुढे बहुधा दोन आकडे असतात. एक आरंभीच्या मात्रेचा, दुसरा कमाल मर्यादेचा. नवशिक्याची दृष्टी दुसऱ्या आकड्यावर आधी पडते, कारण गोळीचा अधिक वेग तेथे लिहिलेला असतो. परंतु या विद्येचा इतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा आहे त्याने पहिल्याच आकड्यापाशी थांबावे, कारण तो लहानसा आकडा मुकर्रर होईपर्यंत किती नळ्या फुटल्या आणि किती विद्वानांनी स्फोटाचा दाब मोजण्यात आपले आयुष्य वेचले, याचा हिशेब त्यात सामावलेला आहे.

सोरा ७५ भाग, कोळसा १५ भाग आणि गंधक १० भाग या प्रमाणाने सिद्ध होणारी काळी दारू ज्या काळात एकमेव होती, त्या काळात मात्रेचा प्रश्न पुष्कळच सोपा होता. मराठ्यांच्या दारूखान्यात काय किंवा लंडनच्या बंदूकवाल्याच्या दुकानात काय, द्रव्ये तीच तीन होती, आणि ठासणीच्या बंदुकीत दारू घालावयाची ती तोलून नव्हे, तर लहानशा मापाने मोजून. पितळी पुंगळीचे काडतूस प्रचारात आल्यावरही हाच शिरस्ता चालू राहिला. १८७३ साली कोल्ट कंपनीच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरबरोबर जे .४५ कोल्ट काडतूस आले, त्याच्या पुंगळीत ४० ग्रेन काळी दारू मावत असे, आणि तिच्यावर २५५ ग्रेनांची शिशाची गोळी दाबून बसविली म्हणजे आत तिळाएवढी जागा उरत नसे. (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात-हजारावा अंश, सुमारे ६५ मिलिग्रॅम.) त्या काळच्या काडतुसांची .४४-४० यांसारखी नावेसुद्धा अशीच पडली, पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा दारूच्या ग्रेनांचा. पुंगळी भरली की मात्रा पुरी झाली. अधिक घालीन म्हणणाऱ्यास जागाच नव्हती, आणि ज्या कारागिराने पुंगळीची लांबी ठरविली त्यानेच कमाल मर्यादाही ठरवून टाकलेली होती.

तथापि काळी दारू सर्वस्वी निरुपद्रवी होती असे कोणी समजू नये. टेक्ससच्या रेंजर दलातून पुढे आलेल्या कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांवरून सॅम्युएल कोल्टने १८४७ साली जे अवजड रिव्हॉल्व्हर घडविले, त्याच्या फिरत्या चक्रातील प्रत्येक घरात ६० ग्रेन दारू मावत असे, आणि ही मात्रा त्या काळच्या धातूस पेलली नाही. कित्येक रिव्हॉल्व्हरांची चक्रे शिपायांच्या हातात फुटली. वॉकर त्याच वर्षी मेक्सिकोतील हुआमांतला येथे लढाईत पडला, आणि कोल्टने पुढल्या वर्षी त्याच धर्तीचे जे ड्रॅगून रिव्हॉल्व्हर काढले त्याची घरे आखूड करून मात्रा खाली आणली. शिपायास उपदेश करण्याऐवजी पात्रच लहान करावे, हा त्या युगाचा तोडगा होता, आणि माझ्या मते त्याहून शहाणपणाचा तोडगा त्या युगात दुसरा नव्हता, कारण दाब म्हणजे नेमका किती हे सांगण्याचे साधन कारखान्यातल्या कारागिराच्या हाती अद्याप आलेले नव्हते.

नळीची परीक्षा मात्र फार जुनी. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या मंडळीस १६३७ साली राजाची सनद मिळाली, आणि त्या मंडळीच्या परीक्षागृहात नेहमीपेक्षा भारी मात्रा ठासून नळी एकवार उडवून पाहण्याची व तगलेल्या नळीवर शिक्का मारण्याची वहिवाट रूढ झाली. या परीक्षेने नळी तगली एवढे कळे. ती फुटण्यापासून किती दूर होती हे कळत नसे. वेगाचे शास्त्रीय मापन प्रथम केले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. टांगलेल्या लाकडी लोलकावर गोळी झाडावी, लोलक किती हेलकावतो ते पाहावे आणि त्यावरून वेग काढावा, ही त्याची रीत १७४२ सालच्या त्याच्या ग्रंथात आली, आणि ऑयलरसारख्या महापंडिताने त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तटबंदीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात निवर्तला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने कोंडलेल्या दारूचे बळ वजने उचलवून मोजण्याचा यत्न केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रॉडमन आणि इंग्लंडात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा आश्रय घेतला. नोबलच्या यंत्रात स्फोटाच्या दाबाने एक दट्ट्या रेटला जाऊन तांब्याचे लहानसे नळकांडे चेपले जाई. ते किती चेपले हे सूक्ष्म मापकाने पाहून दाबाचा अंदाज बांधावयाचा. हे मुके तांबे पुढे सुमारे शंभर वर्षे या विद्येचे साक्षीदार म्हणून बहाल राहिले.

मग १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने निर्धूम दारू सिद्ध केली आणि जुना सारा हिशेब मोडला. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणारा स्फोटक कापूस त्यापूर्वीच, १८४६ च्या सुमारास, शोनबाइनने प्रसिद्ध केला होता; पण तो इतका उतावीळ की इंग्लंडात फेव्हरशॅम येथील त्याचा कारखाना १८४७ सालीच उडाला आणि माणसे प्राणास मुकली. व्हिएलने त्याच द्रव्याची विद्रावकाने लापशी करून, पातळ पत्रे लाटून आणि कापून, त्याचा उतावळेपणा आवरला. त्याचबरोबर त्याने एक नियमही मांडला: या दारूचा जळण्याचा वेग तिच्याभोवतीच्या दाबाबरोबर वाढत जातो. दाब वाढला की ती अधिक झपाट्याने जळते, अधिक झपाट्याने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून मात्रेत एक दशांश भर घातल्यास दाबात एक दशांशच भर पडेल हा काळ्या दारूच्या अनुभवावर पोसलेला समज येथे घातक ठरला.

यापेक्षाही मोठा अनर्थ रिकाम्या जागेने केला. निर्धूम दारूत तेच बळ कितीतरी थोड्या आकारमानात मावत असल्यामुळे जुन्या लांबीच्या पुंगळीत ती तळाशी पडून राही आणि वर पोकळी उरे. छऱ्याच्या बंदुकींसाठी काही कारखानदारांनी मुद्दाम फुगीर निर्धूम दारू केली, की जुन्याच मापाने ती घेता यावी. पण तिच्या शेजारीच घन जातीची दारूही बाजारात आली, आणि एकीचे माप दुसरीस लावणाऱ्यांच्या नळ्या फुटल्या. छऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यांवर आजही काळ्या दारूच्या ‘ड्रॅम’मध्ये तुलना छापतात, ती या संक्रमणकाळाची खूण आहे. खुद्द कोल्ट कंपनीने आपल्या .४५ रिव्हॉल्व्हरात निर्धूम दारू वापरण्याची हमी १९०० च्या सुमारास दिली. त्यापूर्वी घडविलेली शस्त्रे या नव्या दारूस अपात्रच समजावयाची होती. १८९८ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीचे .३८ स्पेशल काडतूस निघाले, ते सुमारे २१ ग्रेन काळ्या दारूच्या मापाचे. आणि त्याच सुमारास लॅफ्लिन अँड रँड कंपनीने ‘बुल्सआय’ नावाची अतिशय शीघ्र जळणारी पिस्तुलाची दारू बाजारात आणली. लक्ष्यवेधासाठी या पुंगळीत बुल्सआय घालावयाची ती तीन ग्रेनांच्या आतबाहेर. म्हणजे भरणाऱ्याचे चित्त क्षणभर विचलित होऊन एकाच पुंगळीत मात्रा दोनदा पडली, किंबहुना तीनदा पडली, तरी पुंगळी बाहेरून तक्रार करीत नाही. पूर्वी जी भिंत पुंगळीनेच उभी केली होती ती पडली होती, आणि तिच्या जागी आता माणसाची सावधगिरी, तराजू आणि छापील कोष्टक एवढेच उरले होते.

ते कोष्टक घरोघर पोहोचविण्याचे श्रेय कनेक्टिकटमधील न्यू हेवनच्या आयडियल कंपनीचा चालक जॉन बार्लो यास पुष्कळ अंशी द्यावे लागते. त्याच्या कंपनीने काडतूस भरण्याचे चिमट्यासारखे हत्यार आणि दारूचे माप विकले, आणि त्यांच्या जोडीला माहितीची पुस्तिका वारंवार काढली. हा वारसा १९२५ साली लायमन कंपनीकडे गेला. १९३७ साली फिलिप शार्प याचा काडतूसभरणीवरील विस्तृत ग्रंथ निघाला. मात्र याच काळात दुसरी, अधिक साहसी परंपराही फोफावत होती. आयडाहोचा एल्मर कीथ हा गुराखी आणि शिकारी .४५ कोल्टमध्ये भारी मात्रा घालीत गेला; एक रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात फुटले, आणि तेव्हा तो .४४ स्पेशलच्या जाड भिंतींच्या चक्राकडे वळला. त्याच्या आग्रहाचे फळ म्हणून १९५५ साली .४४ मॅग्नम आले. कीथचे धैर्य मी नाकारीत नाही, आणि त्याचे निरीक्षण पक्के होते यात संशय नाही. पण ज्या नवशिक्यांनी त्याची मात्रा उचलली आणि त्याची पायरी-पायरीने चढण्याची पद्धत सोडून दिली, त्यांच्या नुकसानीचा जिम्मा त्या भारी मात्रांच्या कौतुकाकडेही जातो असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससचा ब्रूस हॉजडन याने सरकारकडे शिल्लक पडलेली दारू विकत घेऊन ती स्वस्तात विकली, आणि या उद्योगास एकदम भरती आली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये काडतूस तयार करणे परवान्याविना निषिद्ध असल्याने, आणि १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या सरकारी संस्थांकडे हे काम असल्याने, हा गृहोद्योग आपल्या परिचयाचा नाही. पण मुळात त्याची शिस्त कारखान्याचीच आहे. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची संस्था १९२६ साली स्थापन झाली आणि तिने काडतूसपरत्वे दाबाच्या मर्यादा मुकर्रर केल्या: .४५ कोल्टसाठी चौरस इंचास १४,००० पौंड, .३८ स्पेशलसाठी १७,०००, .३५७ मॅग्नमसाठी ३५,०००.

या आकड्यांतच आरंभीच्या मात्रेचे समर्थन आहे. दाब अधिक झाला हे डोळ्यांनी ओळखावे कसे, असा प्रश्न करणाऱ्यास जुने लोक सांगत की टोपी चपटी झाली का, पुंगळी चक्रातून निघताना अडते का, हे पाहावे. पण .३५७ मॅग्नमची पुंगळी आणि टोपी ३५,००० पौंडांचा दाब निमूट सोसतात, आणि .४५ कोल्टचे जुने चक्र त्याच्या निम्म्याहून कमी दाबासाठी केलेले असते; म्हणून .४५ कोल्टमध्ये टोपी चपटी दिसू लागेल तेव्हा मर्यादा मागेच कोठे तरी ओलांडली गेलेली असते. पिस्तुलाच्या बाबतीत धोक्याच्या खुणा धोक्यानंतर येतात. म्हणून तळापासून चढणे हा एकच मार्ग उरतो, आणि कोष्टकात आरंभीचा आकडा दिलेला नसेल तेव्हा कमाल मात्रेतून दहावा भाग वजा करून सुरुवात करावी हा प्रघात त्यातूनच पडला. त्या दहाव्या भागात प्रयोगशाळेची नळी आणि आपली नळी, तिची पुंगळी आणि आपली जाड पुंगळी, तिची टोपी आणि आपली टोपी, एका खेपेची दारू आणि दुसऱ्या खेपेची, या सर्वांतला फरक सामावून घ्यावयाचा असतो. गोळी किती खोल बसली यालाही फार महत्त्व आहे; ९ मिलिमीटरच्या आखूड पुंगळीत ती केसभर अधिक खोल गेली तरी आतली जागा इतकी घटते की दाब दुपटीवर गेल्याचे प्रयोग नमूद आहेत. म्हणून गोळी बदलली, टोपीची जात बदलली किंवा दारूचा नवा डबा फोडला की पुन्हा खालच्या आकड्यापासून आरंभ करावयाचा, हा दंडक जाणते लोक पाळतात.

यावरून कमी म्हणजे नेहमीच निर्भय असे अनुमान काढणाऱ्याची मात्र फसगत होते. मात्रा अगदीच तुटपुंजी झाली, किंवा दारू घालावयाचीच राहिली, तर टोपीच्या बळावर गोळी नळीत शिरते आणि तेथेच अडकते. बार दबका झाल्याचे ध्यानात न येता दुसरी गोळी तिच्यामागे सुटली तर नळी फुगते वा फुटते. मॅग्नम काडतुसांसाठी असलेली एच-११० ही मंद दारू तर अशी आहे की तिची मात्रा शेकडा तीनहून अधिक उतरवू नये असे तिचे विक्रेतेच बजावतात, कारण दाब पुरेसा न चढला तर ती नीट पेटत नाही. तेथे दहाव्या भागाचा प्रघात लावणे हाच अपराध ठरतो. आरंभीची मात्रा ही अंदाजाने ओढलेली रेघ नसून त्या त्या दारूच्या स्वभावाचा मोजलेला दाखला आहे, हे या एका अपवादाने जितके स्पष्ट होते तितके नियमाने होत नाही.

पुढे तांब्याच्या नळकांड्याची जागा दाबाबरोबर विद्युत्प्रवाह देणाऱ्या स्फटिकाने घेतली, आणि स्फोटाच्या क्षणाच्या सूक्ष्म भागांत दाब कसा चढतो व कसा उतरतो याची रेषा प्रथमच कागदावर उमटू लागली. तांब्याला न दिसलेली टोके तीत दिसली, आणि काही जुन्या मात्रा कोष्टकांतून उतरविण्यात आल्या. त्यामुळे वडिलांच्या वा आजोबांच्या काळची पुस्तिका आणि आजची पुस्तिका यांत एकाच दारूपुढे भिन्न आकडे सापडतात, आणि पुष्कळांचा समज होतो की कारखानदार आता भित्रे झाले आहेत. वस्तुतः त्यांनी नव्या साधनाने फेरमोजणी केलेली असते, आणि दारूही कालांतराने बदललेली असते. काटेकोर भरणारा म्हणूनच पुस्तिकेचे वर्ष प्रथम पाहतो, डब्यावरील नाव अक्षरशः जुळवून घेतो, तराजूची शून्यावर खात्री करतो, पन्नास पुंगळ्या लाकडी पाटात उभ्या करून खालच्या आकड्याने भरतो, आणि गोळी बसविण्यापूर्वी दिवा जवळ आणून प्रत्येक पुंगळीत दारूची पातळी शेजारच्या पुंगळीइतकीच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घेतो.