दार कोणी लावले?

घरातल्या सगळ्या संगणकांवर इंटरनेट सुरळीत चालते. मात्र दूरच्या मित्राने आपल्या संगणकावरची एखादी फाईल थेट घ्यायची म्हटली, की जोडणीच होत नाही. आपण राऊटरवर संशय घेतो आणि तो बहुधा खरा ठरतो. पण त्याने दार मुद्दाम लावलेले असतेच असे नाही. यामागे एका टंचाईची गोष्ट आहे.

१९८१ साली इंटरनेटवरचा पत्ता ३२ बिटांचा ठरला. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. तेव्हा जोडलेले संगणक होते जेमतेम दोनशेच्या घरात! पुढच्या दहाबारा वर्षांतच पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी एक तोड सुचवली : आतले पत्ते खाजगी ठेवावेत आणि वेशीवर ते बदलून घ्यावेत. हा तात्पुरता उपाय असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. लवकरच अख्खे घर एकाच बाहेरच्या पत्त्यावर चालू लागले.

हे कसे जमते, ते शाळेच्या कार्यालयावरून समजून घेऊ. प्रत्येक शिक्षकाचे पत्र शाळेच्याच पत्त्याने बाहेर जाते. लिपिक जावक क्रमांक घालून ते कोणाचे याची नोंद करतो. उत्तरात तो क्रमांक असला, की पत्र योग्य हाती पडते. पण क्रमांकाविना, नुसत्या शाळेच्या नावाने आलेले पत्र द्यायचे कोणाला? राऊटर हा असाच लिपिक. त्याच्या जावक क्रमांकाला पोर्ट म्हणतात. तो १६ बिटांचा, म्हणून एकूण ६५,५३६.

संकेतस्थळ पाहताना पहिले पत्र आपलेच असते, त्यामुळे अडचण येत नाही. १९९९ चे नॅप्स्टर आणि २००१ चे बिटटोरेंट यांनी मात्र घरच्या संगणकालाच देणारा बनवले. आता पहिले पत्र बाहेरून येऊ लागले, आणि लिपिक अडला.

उपाय म्हणजे नोंदवहीत कायमची नोंद करणे : अमुक पोर्टवर येईल ते १९२.१६८.१.५ ला द्यावे. पण आतला पत्ताही कायम करायला हवा. नाहीतर राऊटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो पत्ता दुसऱ्याच यंत्राला मिळू शकतो. बरेच जण इथेच चुकतात असा आमचा अनुभव आहे. संगणकाची स्वतःची फायरवॉलही पाहावी.

एवढे करूनही जमले नाही, तर राऊटरला मिळालेला बाहेरचा पत्ता वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे दुसरा लिपिक बसला आहे. हे पत्ते २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवले गेले, कारण ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठा संपला होता. अशा वेळी आपल्या वहीतल्या नोंदीचा उपयोग नाही. कंपनीकडेच सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

१२८ बिटांच्या नव्या पत्त्यांचा आराखडा डिसेंबर १९९५ मध्येच आला होता. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळतो, नोंदवही लागत नाही. तरीही घरचे अनेक राऊटर बाहेरून सुरू झालेली जोडणी अडवतात. तिथे मात्र दार सुरक्षेसाठी, मुद्दामच लावलेले असते.